साखर तोला, फळांना घाबरू नका!

वजन कमी करायचे ठरले, की केळी, आंबा आणि सीताफळ यांच्यावर बंदी येते. चहातली, शरबतातली आणि उरलेल्या शिऱ्यातली साखर मात्र तशीच पोटात जात राहते. दिवसाला गोड किती चालते आणि त्यात फळांचा हिशेब कसा धरायचा, हे एकदा नीट समजून घेतले, तर डाएटिंग ही शिक्षा वाटणार नाही.

वजनाचा काटा चार घरे पुढे सरकला, जुने ब्लाऊज दंडाला काचू लागले, की घरात डाएटिंगची घोषणा होते. त्या दिवसापासून केळे बंद होते, कारण ‘केळ्याने वजन वाढते’. आंबा बंद होतो, कारण ‘आंब्यात नुसती साखर’. सीताफळाचे तर नावच काढायचे नसते. पण याच घरात सकाळपासून रात्रीपर्यंत दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा चार वेळा होतो, त्यासोबत बिस्किटे असतात आणि संध्याकाळी ‘आज काही खाल्लेच नाही’ म्हणून उसाच्या रसाचा एक पेलाही होतो. महिन्यानंतर काटा जिथल्या तिथेच असतो. मग ‘माझ्या अंगाला डाएटिंग मानवतच नाही’ असा निष्कर्ष काढून सारा बेत सोडून दिला जातो.

दोष अंगाचा नसतो, हिशेबाचा असतो. नेमकी जी साखर कमी करायला हवी ती राहते आणि जिची भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही, ती ताटातून जाते.

रायपूरच्या गोल बाजारात हा हिशेब फार सोप्या रीतीने मांडता येतो. मालवीय रोडला लागून असलेल्या या जुन्या बाजारात किराणा, मसाले, पूजेचे साहित्य, जडीबुटी असे सारे काही मिळते. १७५८ मध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले रतनपूरला आले, तेव्हापासून छत्तीसगढशी मराठी माणसांचे नाते जडले. आज रायपूरच्या बुढापारा, तात्यापारा, चौबे कॉलनी अशा भागांतील मराठी घरांत पुरणपोळी होते, तसाच चीला आणि फराही होतो. अशा घरातील एखादी गृहिणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाणसामान भरून परतते, तेव्हा तिची पिशवी पाहावी. त्या महिन्यात घरात कोणाचे वजन का वाढणार, याचे उत्तर बहुधा तिच्यातच असते.

दिवसाला किती साखर चालते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसभरात अन्नातून जितकी ऊर्जा मिळते, तिच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा ‘मुक्त साखरे’तून यावी आणि जमल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणावे, असे त्यात म्हटले आहे. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शिका काढली, तीही दिवसाला २५ ग्रॅमच्या पलीकडची वरून घातलेली साखर जास्तच मानते. घरातील चहाच्या सपाट चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते. म्हणजे दिवसाला पाच चमचे. ज्यांना वजन उतरवायचे आहे, त्यांनी तीन-चार चमच्यांवर थांबणे अधिक बरे.

‘मुक्त साखर’ म्हणजे काय, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. साखरदाणीतील साखर, गूळ, मध, सरबताचा पाक, मिठाई, बिस्किटे, शीतपेये यांतील साखर आणि फळांच्या रसातील साखर ही सारी मुक्त साखर होय. अख्ख्या ताज्या फळातील आणि साध्या दुधातील नैसर्गिक साखर मात्र तिच्यात धरलेली नाही. पेरू चावून खाल्ला, तर तो या पाच चमच्यांत मोजायचा नाही. त्याच पेरूचा रस काढून गाळून प्याला, तर मात्र मोजायचा. या एका फरकावर पुढचा सारा हिशेब उभा आहे.

पिशवीचा हिशेब

रोज प्रत्येक घास तोलणे कोणत्याच गृहिणीला शक्य नाही. घरातील दहा कामे सांभाळून कॅलरीचे तक्ते पाठ करणार कोण? त्यापेक्षा महिन्याची पिशवी तोलणे सोपे.

चार मोठ्या माणसांचे घर धरा. प्रत्येकी २५ ग्रॅम, असे तीस दिवस. हिशेब होतो बरोबर ३ किलो. यात साखर, गूळ, मध, सरबताची बाटली, जॅम, बिस्किटे आणि मिठाई हे सारे आले. घरात लहान मुले असतील, तर त्यांचा वाटा आणखी कमी धरायचा.

आता आपल्या घरची यादी समोर घ्या. ५ किलो साखर येत असेल, तर ती एकटीच माणशी दिवसाला ४१ ग्रॅमच्या वर जाते. त्यावर १ किलो गूळ आला, तर आणखी सुमारे ८ ग्रॅम. सरबत, बिस्किटे, नातेवाइकांनी आणलेला पेढ्याचा पुडा वेगळाच. म्हणजे केळ्याला हात न लावताही साऱ्या घराने मर्यादेच्या दुप्पट मजल मारलेली असते.

म्हणून डाएटिंगची सुरुवात दुकानातच करावी. पहिल्या महिन्यात ५ किलोऐवजी ४ किलो साखर आणा, दुसऱ्या महिन्यात ३ आणि तिसऱ्यात २. बाहेरच्या गोडासाठी थोडी जागा राहायला हवी, म्हणून २ किलोवर स्थिरावलेले घर चांगले. साखर वाचल्याने जे पैसे उरतील, त्यांची फळे घ्या. घरातील कोणालाही ‘तू हे खाऊ नकोस’ असे सांगावे लागत नाही. डबा लहान झाला, की हात आपोआप आखडतो.

गळती कुठे होते?

सर्वात मोठी गळती चहाची. दोन चमच्यांचा एक, असे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर. महिन्याला ती १२०० ग्रॅम होते आणि तीही एकट्या माणसाची. साखर एकदम बंद केली, तर चौथ्या दिवशी चिडचिड होऊन पुन्हा सुरू होते. त्यापेक्षा दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जिभेला सवय लागते. दोन महिन्यांनी पूर्वीचा चहा पाकासारखा वाटू लागतो. आले, वेलची किंवा गवती चहाने स्वाद राहतो आणि साखरेची उणीव फारशी जाणवत नाही.

दुसरी गळती पेयांची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार उसाच्या १०० मिलिलिटर रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या पेल्यात ३२ ते ३७ ग्रॅम. दिवसभराची मर्यादा एका पेल्यातच ओलांडली! कोलासारख्या शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीतही ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. रायपूरच्या उन्हाळ्यात तहान अनावर होते, हे खरे आहे. पण तहान भागवायला पाणी, जिरे घातलेले ताक आणि साखर न घातलेले लिंबूपाणी यांच्यासारखे दुसरे काही नाही.

तिसरी गळती मुलांच्या नावाने होते. दुधात घालायच्या पावडरी, गोड कॉर्नफ्लेक्स, क्रीमची बिस्किटे ही मुलांसाठी येतात आणि आईसुद्धा खाते. दुधात घालायच्या पावडरी व तत्सम पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली दाखवू नयेत, असे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. शाळेत फलक लागला आणि घरात डबा तसाच राहिला, तर उपयोग काय?

पाकिटावरील यादी वाचायची सवय ठेवा. जो पदार्थ वजनाने सर्वात जास्त असतो, तो यादीत सर्वात आधी येतो. पहिल्या दोन-तीन नावांत साखर असेल, तर ते पाकीट परत ठेवलेले बरे. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच दुसरी नावे आहेत.

फळातील साखर वेगळी का?

‘साखर ती साखर, मग ती फळातील असो की डब्यातील,’ असे अनेकांना वाटते. रसायन म्हणून पाहिले, तर ते बरेचसे खरेही आहे. फळात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि उसाच्या साखरेसारखी सुक्रोज, अशा तिन्ही साखरा असतात. पण फळ म्हणजे नुसती साखर नव्हे. तिच्याभोवती तंतूंचे जाळे असते, भरपूर पाणी असते. चावायला वेळ लागतो, पोट भरते, साखर रक्तात सावकाश उतरते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९७७ मध्ये केलेला एक साधा प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. दहा निरोगी व्यक्तींना सफरचंदे तीन रूपांत देण्यात आली: अख्खी, कुस्करून आणि रस काढून. तिन्हींतील शर्करा सारखीच होती. रस अख्ख्या सफरचंदांपेक्षा अकरापट वेगाने संपला. तो पिऊन पोट भरल्याची भावना सर्वात कमी झाली. रस प्यायल्यावर रक्तातील इन्सुलिन अधिक चढले आणि नंतर साखर झपाट्याने खाली आली. साखर अशी घसरली, की पुन्हा भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो.

अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सुमारे १ लाख ८७ हजार लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. अख्खी फळे, विशेषतः द्राक्षे, सफरचंद आणि ब्लूबेरी, जास्त खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत ते वाढलेले दिसले. फळ तेच, पण मिक्सरमधून गाळणीत गेले, की त्याचा गुण बदलतो.

फळ किती खायचे?

राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळे आणि ४०० ग्रॅम भाज्या खाण्याचा सल्ला देते. १०० ग्रॅम म्हणजे एक मध्यम पेरू, सोललेले एक मध्यम केळे किंवा पपईच्या तीन-चार फोडी. डाएटिंग करणाऱ्याने दिवसाला एक, फार तर दोन फळे घेतली, तर वजनाला धोका नाही. मात्र ती फळे बिस्किटांच्या, फरसाणाच्या जागी यावीत. सारे काही खाऊन वर फळ खाल्ले, तर तेही वाढीव खाणेच होते.

कोणत्या फळात किती साखर?
(खाण्याजोग्या १०० ग्रॅम भागात, साधारण प्रमाण. जात आणि पिकण्यानुसार थोडे कमी-अधिक होते.)

टरबूज: ६ ग्रॅम
पपई: ८ ग्रॅम
पेरू: ९ ग्रॅम
संत्रे: ९ ग्रॅम
सफरचंद: १० ग्रॅम
केळे: १२ ग्रॅम
आंबा: १४ ग्रॅम
डाळिंब: १४ ग्रॅम
द्राक्षे: १६ ग्रॅम
मनुका: ६० ग्रॅमच्या आसपास
खजूर: ६५ ग्रॅमच्या आसपास

केळ्याची एवढी बदनामी झाली आहे. पण एका मध्यम केळ्यात सुमारे १०० कॅलरी असतात. एका समोशात त्याच्या दुपटीहून अधिक असतात आणि समोसा कोणी एकटा खात नाही. डाएटिंगच्या काळात दुपारी चार-पाचच्या सुमारास जी भूक लागते, तीच सारा बेत मोडते. त्या वेळी एक केळे किंवा पेरू आणि मूठभर फुटाणे खाऊन पाहा. रात्रीच्या जेवणापर्यंत निभावून जाते.

तक्त्यात खजूर आणि मनुका कुठे आहेत, हेही पाहा. सुकवल्याने पाणी जाते आणि साखर एकवटते. फळे म्हणून त्यांची वाटीभर खाणे चुकीचे ठरेल. दोन खजूर खावेत आणि डबा बंद करावा.

हंगामाची फळे, घराजवळची फळे

डाएटिंग म्हटले, की महागड्या किवीची आणि परदेशी सफरचंदांची आठवण होते. त्याची काही गरज नाही. छत्तीसगढची स्वतःची फळे या कामाला उत्तम आहेत. हिवाळ्यातला पेरू, ज्याला इथे बिही किंवा जाम म्हणतात, हा डाएटिंग करणाऱ्यांचा खरा मित्र होय. त्यात तंतू भरपूर, साखर बेताची आणि ‘क’ जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक. बोरे, म्हणजे इथली बोइर, याच दिवसांत येतात. नागपूरची संत्रीही काही दूर नाहीत. ती सोलून, पाकळ्यांसकट खावीत. एका पेला रसासाठी तीन-चार संत्री पिळावी लागतात. पण तेवढी एका बैठकीत सोलून कोणी खात नाही.

उन्हाळ्यात महानदीच्या वाळूतली टरबुजे आणि खरबुजे येतात. त्यांत पाणीच जास्त, त्यामुळे वाटी-दोन वाट्या फोडी खायला हरकत नाही. पाऊस सुरू झाला, की जांभळे येतात. त्यांना छत्तीसगढीत चिरई जाम म्हणतात. पुढे कांकेरची प्रसिद्ध सीताफळे येतात. सीताफळ गोड असते, त्याच्या गरात १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून अधिक शर्करा असते. म्हणून ते टाळायचे असे नाही. एक लहान सीताफळ हेच त्या दिवसाचे फळ समजावे. त्यातील बिया काढत खाण्यात जो वेळ जातो, तोही फायद्याचाच. सीताफळाची रबडी हा मात्र वेगळा पदार्थ आहे आणि तिचा हिशेब साखरेच्या डब्यात जातो.

आंब्याचेही तसेच. आंब्याच्या चार-पाच फोडी ताटात घेतल्या, तर काही बिघडत नाही. पण साखर घातलेला वाटीभर आमरस आणि त्यासोबत चार पुऱ्या म्हणजे डाएटिंगला सुट्टी! आमरस करायचाच असेल, तर साखर न घालता करावा, वाटी लहान घ्यावी आणि त्या जेवणात भात घेऊ नये.

गूळ, मध आणि इतर समजुती

‘साखर सोडली, आता सगळे गुळाचे करते,’ असे अभिमानाने सांगणाऱ्या अनेक जणी भेटतात. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात, चवही छान असते. पण १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तर गुळात सुमारे ३८०. हा फरक नगण्य आहे. मधातही बहुतांश साखरच असते. सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मध घालून प्यायल्याने चरबी वितळत नाही. दिवसाच्या पाच चमच्यांपैकी दोन मात्र उठताक्षणी खर्च होतात.

साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या वापराव्यात का? मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडीवर विसंबू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारावे. इतरांनी जिभेची गोडीची सवयच कमी करणे हा खरा उपाय.

जडीबुटीच्या दुकानात जांभळाच्या बियांची पूड मिळते. ‘ही घ्या आणि खुशाल गोड खा’ असे कोणी म्हटले, तर ऐकू नये. आणि मधुमेहाची गोळी सोडून तिच्यावर राहणे तर धोक्याचेच.

काही जणी झटपट बारीक होण्यासाठी आठवडाभर नुसत्या फळांवर राहतात. वजन उतरते खरे, पण त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो आणि प्रथिने न मिळाल्याने स्नायूही झिजतात. आठवा दिवस उजाडला, की सारे परत येते. डाळ, दही, उसळ, अंडी यांना फळ हा पर्याय नाही.

‘मी तर सडपातळ आहे!’

साखरेचा हिशेब फक्त लठ्ठ माणसांनीच ठेवायचा असतो, हा समज आपल्याला फार महाग पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांची उंची-वजनाची गुणोत्तरे तंतोतंत सारखी, २२.३. दिसायलाही दोघे सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली! भारतीय माणूस बारीक दिसत असला, तरी त्याच्या अंगात चरबी अधिक असू शकते, विशेषतः पोटाभोवती, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले.

म्हणून वजनाच्या काट्याबरोबर शिवणकामाची टेपही हाती घ्या. स्त्रियांचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून मागे फिरता येते, ही त्यातली दिलाशाची गोष्ट.

डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात असे दिसले, की ज्या स्त्रिया हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. घरातील स्त्रीच्या ताटातून फळ काढून घेणे किती चुकीचे आहे, हे यावरून कळावे. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना तर डाएटिंगचा विचारही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

सणवार आणि पाहुणे

आपल्याकडे दर पंधरा दिवसांनी काहीतरी गोडाचे निमित्त असते. छत्तीसगढमध्ये पोळा आणि तीजा, म्हणजे आपली हरितालिका, आली की घरोघरी ठेठरी-खुरमी होते. ठेठरी बेसनाची, खारी. खुरमी गव्हाच्या पिठाची आणि गुळाची. दोन्ही तळलेल्या. तीजाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, म्हणजे करू भात, खायची इथली पद्धत आहे. उपवासाच्या आधी कडू खाण्याची ही रीत किती शहाणपणाची! मराठी घरांत याच सुमारास पुरणपोळी आणि मोदक असतात. नाते दोन्हीकडचे, ताट मात्र एकच, हे विसरू नये.

सणाच्या दिवशी गोड जरूर खावे. नियम एवढाच, की ते त्या दिवशीच खावे आणि त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा घ्यावा. श्रीखंडाच्या १०० ग्रॅमच्या वाटीत सुमारे ४० ग्रॅम साखर असते, म्हणून वाटी नको, दोन चमचे पुरे. प्रसाद चिमूटभर घेतला, तरी देवाला तो पोहोचतो. उरलेले गोड दुसऱ्या दिवशी शेजारी-पाजारी वाटून टाकावे.

उपवासालाही फसू नये. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे पिष्टच. एक वाटी शिजलेल्या भातातही, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम भातात, ४० ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते आणि पोटात त्याचे ग्लुकोजच होते. धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या प्रदेशात भात सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या ताटात भाताचा डोंगर आहे, त्यात केळ्याला दोष देणे न्यायाचे नव्हे. वाटीभर भात, दोन वाट्या भाजी आणि भरपूर वरण, असे ताट ठेवावे.

एका दिवसाचा नमुना

सकाळी अर्ध्या चमचा साखरेचा चहा. न्याहारीला चीला किंवा पोहे, त्यात भाज्या आणि मटार भरपूर. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, पालेभाजी, काकडी आणि दही. चार वाजता हंगामाचे एक फळ आणि मूठभर फुटाणे, सोबत हवा तर पुन्हा अर्ध्या चमच्याचा चहा. रात्री भाकरी किंवा पोळी, उसळ आणि फळभाजी. जेवणानंतर गोड खावेसे वाटले, तर पपईच्या दोन-तीन फोडी. रात्री फळ खाल्ल्याने ते विषारी होते, ही समजूत निराधार आहे. या साऱ्यात वरून घातलेली साखर फक्त एक चमचा झाली. उरलेले चार चमचे आठवड्याच्या सणासाठी, पाहुण्यांसाठी शिल्लक!

काळजी कोणी घ्यावी?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाणे एकदम कमी करू नये. रक्तातील साखर अचानक उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. अशा वेळी लगेच साखर खावी लागते, म्हणून त्यांनी ती जवळ बाळगावी आणि आहारातील बदल डॉक्टरांना विचारून करावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना केळे, संत्रे अशी पोटॅशियमची फळे चालतीलच असे नाही. दोन वर्षांखालील मुलांच्या दुधात किंवा खिरीत वरून साखर घालू नये. गोडीची सवय तिथूनच लागते.

फळातला वाटा तिलाही

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नसते. बहुतेक घरांत फळ कापले, की पहिली फोड मुलांना जाते, दुसरी यजमानांना, तिसरी सासूबाईंना. कापणारीच्या वाट्याला आंब्याची कोय येते. उलट वाटीच्या तळाशी राहिलेला शिरा, मुलाने अर्धवट टाकलेले बिस्किट, पाहुण्यांपुढचा उरलेला पेढा हे सारे ‘वाया जायला नको’ म्हणून तीच संपवते. घरातील स्वस्त साखर तिच्या अंगावर चढते आणि महाग फळ इतरांच्या पोटात जाते. मग वजन वाढल्याचा बोलही तिलाच ऐकावा लागतो.

तेव्हा पुढच्या महिन्यात गोल बाजारात किंवा आपल्या गावच्या बाजारात जाल, तेव्हा यादीतील साखर एक किलोने कमी करा आणि त्या पैशांचे पेरू घ्या. घरी आल्यावर पेरू माणसे मोजून कापा. आणि त्या मोजणीत स्वतःला विसरू नका.